अदृश्य माणसाची वंशावळ

डिसेंबर १९१६. काँग्रेसच्या अधिवेशनासाठी लोकमान्य टिळक आपल्या होमरूलवाल्या सहकाऱ्यांसह लखनौच्या स्थानकात उतरले. स्वागताची सूत्रे हातात असलेल्या नेमस्तांना मिरवणूक नको होती. लोकमान्यांना मोटारीत बसवायचे आणि परस्पर मुक्कामी न्यायचे, असा त्यांचा बेत होता. तरुणांना तो मान्य नव्हता. पुढे काय घडले ते रामप्रसाद बिस्मिल यांनी आपल्या आत्मकथेत लिहून ठेवले आहे. ते स्वतः मोटारीपुढे आडवे पडले. मग भाड्याची घोडागाडी आणली गेली, तिचे घोडे सोडले गेले आणि त्या पोरांनी ती हाताने ओढत लोकमान्यांना मिरवत नेले.

याच अधिवेशनाच्या दिवसांत गांधीजी आणि जवाहरलाल नेहरू पहिल्यांदा भेटले. त्या भेटीची २६ डिसेंबर ही तारीख चारबाग स्थानकाशी कायमची जोडली गेली आहे. स्थानकाच्या नव्या इमारतीची पायाभरणी त्याआधी दोन वर्षे, १९१४ साली झाली होती. जे. एच. हॉर्निमन यांनी आखलेले, बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखे दिसणारे घुमट अजून उभे राहायचे होते. लखनौत आज चारबागची गोष्ट निघाली की गांधी-नेहरू भेट पहिली आठवते, टिळकांची मिरवणूक मागून येते, आणि गाडी ओढणाऱ्या हातांपैकी आपल्याला नाव माहीत असते ते एकाचेच, तेही त्याने स्वतः लिहून ठेवले म्हणून.

वर्धापनदिनांचे असेच असते. तारीख राहते, नेता राहतो, नट राहतो. ज्यांनी गाडी ओढली ते गळून पडतात. हिंदी चित्रपटातल्या अदृश्य माणसाचा मागोवा घेताना हा अनुभव पावलोपावली येतो. विज्ञानकथेतला हा नायक आपल्याकडे १९३७ साली पडद्यावर आला आणि तेव्हापासून दर पिढीत नव्याने जन्म घेत राहिला. त्याच्या प्रत्येक जन्माच्या तारखा सापडतात. त्याला घडवणारे हात मात्र शोधावे लागतात.

चारबागहून दादरला

लखनौ सोडून मुंबई गाठायची तर दरवाजा एकच, चारबाग. १९३७ साली या शहरातला एक अठरा वर्षांचाही न झालेला मुलगा घरातून पळाला. त्याचे नाव नौशाद अली. २५ डिसेंबर १९१९चा त्याचा जन्म, वडील मुनशी, घरात संगीताला सक्त मनाई. लखनौच्या रॉयल थिएटरात मूकपट लागत आणि पडद्यासमोर बसलेले वादक चित्र पाहत पाहत संगीत वाजवत. नौशादला वेड लागले ते तिथे. घर की संगीत, असा प्रश्न वडिलांनी टाकला तेव्हा त्याने संगीत निवडले.

मुंबईत त्याचे सुरुवातीचे दिवस दादरला ब्रॉडवे थिएटरसमोरच्या फूटपाथवर गेले. पुढे त्याला काम मिळाले ते अंधेरीच्या प्रकाश पिक्चर्समध्ये. ‘माला’, ‘दर्शन’, ‘स्टेशन मास्टर’ हे त्याचे सुरुवातीचे चित्रपट याच संस्थेचे. संस्था विजय भट्ट आणि त्यांचे बंधू शंकरभाई यांची. १९५२ साली विजय भट्टांचा ‘बैजू बावरा’ त्याच ब्रॉडवेत झळकला, तेव्हा हा समोरचा रस्ता ओलांडायला आपल्याला सोळा वर्षे लागली, असे नौशाद यांनी भट्टांना सांगितले.

विजय भट्टांची ओळख मराठी घरांत ‘रामराज्य’ आणि ‘भरत भेट’मुळे आहे. दोन्ही चित्रपट हिंदीबरोबर मराठीतही निघाले. १९४४ साली जुहूला मुक्कामी असताना गांधीजींनी ‘रामराज्य’ पाहिला. त्यांनी पाहिलेला भारतीय चित्रपट म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. पण नौशाद लखनौहून निघाला त्या १९३७ साली या रामभक्त दिग्दर्शकाने एक अगदी वेगळा चित्रपट काढला होता. त्याचे नाव ‘ख्वाब की दुनिया’. त्यात एक माणूस दिसेनासा होत होता.

मखमलीचा काळोख

या माणसाचा मूळ पुरुष इंग्लंडचा. एच. जी. वेल्स यांची ‘द इन्व्हिजिबल मॅन’ ही कादंबरी १८९७ सालची. त्याआधी अदृश्य होणे हे मंत्राचे, अंगठीचे, वराचे किंवा शापाचे काम होते. वेल्स यांनी ते प्रयोगशाळेत नेले. प्रकाश वस्तूवरून परावर्तित होतो, वाकतो किंवा शोषला जातो म्हणून वस्तू दिसते. शरीरात प्रकाश वाकण्याचे प्रमाण हवेइतके केले तर ते दिसणार नाही, असा त्यांच्या शास्त्रज्ञाचा तर्क. आणि या शक्तीची किंमतही त्यांनी ठेवली. पावसात आकार उमटतो, चिखलात पावले उठतात, थंडीत कुडकुडावे लागते, कारण कपडे अदृश्य होत नाहीत.

हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने १९३३ साली या कादंबरीवर चित्रपट काढला. दिग्दर्शक जेम्स व्हेल, प्रमुख नट क्लॉड रेन्स, ज्याचा चेहरा शेवटच्या काही क्षणांपर्यंत दिसत नाही. ट्रिक सीनची जबाबदारी जॉन फुल्टन यांच्याकडे होती. नटाला डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मखमलीने झाकायचे, त्यावर शर्ट-पँट चढवायची आणि काळ्या मखमलीने मढवलेल्या सेटवर त्याचे चित्रण करायचे. मखमल प्रकाश गिळते, म्हणून फिल्मवर फक्त चालणारे कपडे उमटतात. मग त्याच चित्रणातून मुखवट्याची पट्टी तयार करून कपडे आणि खोलीची पार्श्वभूमी एका फिल्मवर आणायची. जिथे सांधा दिसेल तिथे एकेक चौकट हाताने रंगवून झाकायची. हजारो चौकटी अशा रंगवल्या गेल्या.

हा चित्रपट विजय भट्टांनी पाहिला आणि आपल्याकडच्या एका पोराला पाहायला लावला. असे आपल्याला करता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. पोराचे नाव बाबूभाई मिस्त्री. गाव सुरत, वय विशीच्या आतले.

घरची विद्या

बाबूभाईंचे उत्तर समजून घ्यायचे तर आधी नाशिक आणि पुण्याकडे वळावे लागते, कारण पडद्यावरची जादू तोवर मराठी माणसांच्या हातात रुळलेली होती.

दादासाहेब फाळके स्वतः हातचलाखीचे प्रयोग करत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली, आणि ते पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. भारतीय चित्रपटाचा पाया असा एका वैज्ञानिक ट्रिकवर घातला गेला. ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये हनुमान उडाला, आणखी दोन वर्षांनी ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी बाळकृष्ण होऊन कालियाशी झुंजली. कॅमेरा थांबवून पुन्हा चालू करणे, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे, भिंगाचा काही भाग झाकणे, ही त्यांची हत्यारे. देव प्रकट व्हावा आणि अंतर्धान पावावा ही पुराणाची मागणी होती. ती पुरी करताना सगळे तंत्र शिकून झाले.

हे तंत्र कळसाला नेले प्रभातने. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६च्या डिसेंबरात लागला आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. इंद्रायणीतून वर आलेली गाथा आणि शेवटी तुकोबांना वैकुंठाला नेणारे विमान प्रेक्षकांनी हात जोडून पाहिले. चार वर्षांनी ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालली.

म्हणजे १९३७ हे साल पाहा. पुण्यात वैकुंठाचे विमान, अंधेरीत विज्ञानाने अदृश्य झालेला माणूस. भक्तिपट आणि विज्ञानपट ही नावे वेगळी, पण विद्या एकच. डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीवर प्रेक्षकाचा विश्वास बसवायचा, एवढेच तिचे काम. आपल्या विज्ञानपटाचे मूळ हॉलिवूडमध्ये आहे हे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे आहे. कथा तिकडची होती. हात इथले होते, आणि ते पंचवीस वर्षे कामाला लागलेले होते.

काळा धागा

मोठ्या अमेरिकन स्टुडिओची साधने मुंबईच्या आवाक्यात नव्हती. बाबूभाईंनी त्याला दिलेला पर्याय होता काळा धागा. मागे काळा पडदा, वस्तूला काळा धागा, आणि धागा वरून ओढणारा माणूस. पेला आपोआप उचलला जातो, खुर्ची सरकते. प्रेक्षकाचा डोळा वस्तूच्या हालचालीवरून तिथे नसलेला माणूस मनातल्या मनात उभा करतो.

वाचताना सोपे वाटते. धागा जाड असला तर दिसतो, बारीक असला तर तुटतो. त्याला थोडी जरी चकाकी असली तरी दिव्याच्या झोतात तो चांदीच्या तारेसारखा उजळतो. म्हणून दिवे अशा कोनात लावायचे की वस्तू उजळावी आणि धागा काळोखात राहावा. ओढणाऱ्याच्या हाताला माणसाची लय हवी, कारण पेला उचलताना माणूस क्षणभर थबकतो, मग उचलतो. सरळ रेषेत गेलेला पेला खोटा वाटतो. आणि जमले की फसले हे तिथल्या तिथे कळत नाही. फिल्म धुऊन येईपर्यंत थांबायचे, पडद्यावर पाहायचे, बिघडले असेल तर पुन्हा सगळी मांडणी करायची.

‘ख्वाब की दुनिया’त प्रमुख भूमिका जयंत यांची होती, पुढे ‘शोले’तल्या गब्बरमुळे गाजलेल्या अमजद खान यांचे ते वडील. पण चित्रपटाने व्यवसायात नाव केले ते बाबूभाईंचे. लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणूनच ओळखू लागले. कारागिराला त्याच्या हत्याराच्या नावाने ओळखले जावे, हा या धंद्यातला मोठा मान आहे.

पुढे बाबूभाई होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सशी जोडले गेले. ‘अलादीन’, ‘हातिमताई’ अशा चित्रपटांतली उडत्या गालिच्यांची दुनिया त्यांनी उभी केली. मग स्वतः दिग्दर्शक होऊन ‘संपूर्ण रामायण’ आणि ‘महाभारत’ काढले. १९६३ साली त्यांनी ‘पारसमणी’ दिग्दर्शित केला आणि त्याचे संगीत दोन नव्या मुलांकडे सोपवले. लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल यांचा तो पडद्यावर आलेला पहिला चित्रपट. या जोडीचे नाव लक्षात ठेवावे. अदृश्य माणसाच्या गोष्टीत ते आणखी दोनदा येणार आहे.

दोन भावांचा मिस्टर एक्स

स्वातंत्र्यानंतर अदृश्य माणूस परतला तो नाव बदलून. १९५७ साली नानाभाई भट्टांनी ‘मिस्टर एक्स’ काढला. नायक अशोककुमार, नायिका नलिनी जयवंत, संगीत गोव्याच्या दत्ता नाईक यांचे, ज्यांना आपण एन. दत्ता म्हणून ओळखतो. सात वर्षांनी, १९६४ साली, शांतिलाल सोनींचा ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ आला. या वेळी अदृश्य होण्याची पाळी धाकट्या भावाची होती, किशोरकुमारची. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. चित्रपट विस्मरणात गेला, किशोरने गायलेले त्यातले विरहगीत आजही लोकांच्या ओठांवर आहे.

या दोन चित्रपटांनी वेल्स यांच्या कथेत मोठा बदल पक्का केला. वेल्स यांचा शास्त्रज्ञ अदृश्य झाल्यावर माणुसकी हरवतो. सत्तेच्या नशेत खून पाडतो आणि शेवटी मारला जातो. आपला नायक अदृश्य होऊन दुष्टांना अद्दल घडवतो, प्रेयसीला सतावतो आणि शेवटी पुन्हा दिसू लागतो. याला काही जण कथेचे पाणी करणे म्हणतील. मला यात जुना संस्कार दिसतो. अंतर्धान पावणारा आपल्याकडे देव होता किंवा मायावी राक्षस, आणि प्रेक्षकाने नायकाला देवाच्या बाजूला बसवले.

मिस्टर इंडिया

१९८७च्या मे महिन्यात ‘मिस्टर इंडिया’ आला. ‘ख्वाब की दुनिया’ला तेव्हा बरोबर पन्नास वर्षे झाली होती. त्या पन्नाशीचा सोहळा कुणी केला नाही, पण पडद्यावर तो आपोआप साजरा झाला, कारण जुन्या अदृश्य माणसाचे सगळे नातेवाईक या चित्रपटात एकत्र आले होते.

कथा सलीम-जावेद यांची. दोघे वेगळे झाल्यानंतर पडद्यावर आलेले त्यांचे हे एकत्र काम. यातल्या जावेद अख्तर यांचे बालपण लखनौत आजोळी गेले. चारबागच्या शहराचा धागा इथे पुन्हा हाती लागतो. दिग्दर्शन शेखर कपूर यांचे, निर्मिती बोनी कपूर यांची, कॅमेरा बाबा आझमींचा. अनिल कपूरचा अरुण अनाथ मुलांना घेऊन समुद्राकाठच्या घरात राहतो. अदृश्य होण्याचे यंत्र त्याच्या शास्त्रज्ञ बापाने शोधलेले असते, आणि त्याचा पत्ता अरुणला लागतो तो बापाच्या जुन्या मित्राकडून, प्रोफेसर सिन्हांकडून. ही भूमिका केली आहे अशोककुमार यांनी. १९५७चा मिस्टर एक्स १९८७च्या मिस्टर इंडियाला आपला वारसा देतो.

संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, म्हणजे ‘पारसमणी’ आणि ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ची जोडी. निळ्या साडीतली श्रीदेवी ज्या गाण्यात न दिसणाऱ्या प्रियकराबरोबर नाचते, त्यात त्या प्रियकराचा आवाज किशोरकुमारचा आहे. तेवीस वर्षांपूर्वी स्वतः अदृश्य झालेला माणूस आता खरोखरच केवळ आवाजाने पडद्यावर आहे. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला किशोरकुमार गेला. १३ ऑक्टोबर हा अशोककुमारचा जन्मदिवस. एक मिस्टर एक्स त्या तारखेला जन्मला, दुसरा त्याच तारखेला गेला.

आणि ट्रिक सीन? ते पीटर परेरा यांचे. ‘अमर अकबर अँथनी’चे छायालेखक म्हणून त्यांचे नाव ठाऊक असते, पण त्यांची घडण होमी वाडियांच्या बसंतमधली, बाबूभाईंच्या परंपरेतली. त्यांच्या काळात संगणक हाताशी नव्हता. वस्तू हवेत तरंगवायच्या त्या कॅमेऱ्यासमोरच.

लाल काचेतून अदृश्य माणूस दिसतो ही ‘मिस्टर इंडिया’ची सर्वांत सुंदर युक्ती. वेल्स यांनी पाऊस आणि चिखलातून दिलेला कमकुवतपणा इथे रंगाच्या रूपाने आला. कृष्णधवल चित्रपटात ती शक्यच नव्हती. रंगीत फिल्मने कथेला नवे हत्यार दिले आणि लेखकांनी ते ओळखले. दहा वर्षांच्या मुलालाही नियम लगेच कळतो: लाल उजेड आला की धोका. त्या वर्षी घरोघरी मुलांनी लाल जिलेटिनचे कागद डोळ्यांना लावून एकमेकांना शोधले असतील तर नवल नाही.

या चित्रपटातला एक प्रसंग मला सगळ्या मागोव्याचा गाभा वाटतो. गुंडांना हनुमानाची मूर्ती हवेत तरंगत येऊन बदडते. प्रेक्षकाला माहीत असते की मूर्ती अरुणच्या हातात आहे, आणि अरुण यंत्रामुळे दिसत नाही. गुंडांना मात्र साक्षात बजरंगबली दिसतो. सत्तर वर्षांपूर्वी फाळक्यांनी ‘लंकादहन’मध्ये जो हनुमान उडवला होता, तोच इथे विज्ञानकथेत उडतो. भक्तिपट आणि विज्ञानपट एकाच दृश्यात, एकाच विद्येच्या जोरावर उभे आहेत.

नातू

संगणक आल्यावर धागा गेला. २००४च्या ‘गायब’मध्ये आणि नंतरच्या चित्रपटांत माणूस दिसेनासा करण्याचे काम संगणकावर होऊ लागले. एप्रिल २०१५मध्ये ‘मिस्टर एक्स’ याच नावाचा नवा चित्रपट आला. तो काढला महेश आणि मुकेश भट्ट यांच्या संस्थेने. १९५७चा ‘मिस्टर एक्स’ काढणाऱ्या नानाभाईंचे हे मुलगे. दिग्दर्शक विक्रम भट्ट. १९३७चा ‘ख्वाब की दुनिया’ काढणाऱ्या विजय भट्टांचा हा नातू. आडनाव एक, घराणी दोन, आणि दोन्ही घराण्यांनी आपापला अदृश्य माणूस एकत्र आणला. चित्रपट चालला नाही. तरी वंशावळीच्या दृष्टीने त्याचे मोल आहे: अठ्ठ्याहत्तर वर्षांनी गोष्ट ज्या घरातून निघाली त्याच घरात परतली.

मात्र निर्मात्या-दिग्दर्शकांची वंशावळ अशी सरळ लागते, कारागिरांची लागत नाही. बाबूभाई मिस्त्रींना दीर्घ आयुष्य लाभले. २०१० साली, नव्वदी ओलांडून ते गेले. त्यांच्या हाताखाली वर उभे राहून धागे ओढणाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत आली नाहीत. मूकपटाच्या काळात आपल्याकडे तेराशेच्या वर चित्रपट निघाले असे अभ्यासक मानतात, आणि त्यांतले मोजकेच आज हाती आहेत. नायट्रेटची फिल्म पेट घेई, सडे. कित्येक रिळे त्यांतल्या चांदीसाठी वितळवली गेली. चित्रपटच जिथे उरले नाहीत, तिथे धागा धरणाऱ्याची आठवण कोण ठेवणार?

तरी काही गोष्टी करता येतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग जपले गेले, कारण पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने आयुष्य त्यात घातले. तशीच आच ट्रिक सीनच्या कारागिरीसाठी हवी आहे. जुन्या स्टुडिओंत काम केलेल्यांच्या मुलाखती, त्यांच्या घरात पडून असलेल्या वह्या, हिशेब, छायाचित्रे हे सगळे ही पिढी हयात आहे तोवरच गोळा होऊ शकते. चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांनी मुलांच्या हाती एकदा तरी काळा पडदा, काळा धागा आणि एक पेला द्यावा. पडद्यावरचे वजन, लय आणि उजेड म्हणजे काय ते त्यांना एका दुपारीत कळेल.

२०३७ साली हिंदी पडद्यावरचा अदृश्य माणूस शंभर वर्षांचा होईल. तेव्हा वर्तमानपत्रे ‘मिस्टर इंडिया’चे संवाद छापतील, नटांची आठवण काढतील, आणि ते योग्यच आहे. पण त्या यादीत सर्वांत वर एका सुरतेच्या पोराचे नाव असले पाहिजे, ज्याने दुसऱ्याच्या हजारो फूट फिल्मचे उत्तर हातभर धाग्याने दिले. त्या शंभरीचा मान बाबूभाईंचा आहे, आणि त्यांच्याबरोबर धागा धरून उभ्या असलेल्या प्रत्येकाचा.